पाव्हण्याची तारीख

माझे वडील पाव्हण्यालाही तारीख विचारत. पंधरा पैशांच्या कार्डावर, बारीक अक्षरात: कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं, किती जण आणि परत कधी. शेवटचा प्रश्न आईला फार लागायचा. "माणूस आजून यायचाय, आन् तुम्ही त्याला जायचं विचारायलाव," ती म्हणायची. अण्णा टाक पुसत शांतपणे सांगत, "जायचं ठाऊक असलं की येणं गोड लागतं."

अण्णा लातूरच्या गंजात एका आडतीवर मुनीम होते. १९४६ साली, अठराव्या वर्षी, गादीवर बसले ते एक्केचाळीस वर्षांनी उठले. मी त्यांची मोठी लेक. १९७९ साली लग्न होऊन नांदेडला आले आणि तिथंच एका शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. तह, लढाया, सनावळ्या पोरांकडून घोकून घेतल्या. मनात मात्र कायम एक वेगळाच इतिहास घोळत राहिला, ज्याचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. काही घरांत उद्याचा दिवस आदल्या रात्रीच घडी घालून उशाशी ठेवलेला असतो आणि काही घरांत तो सकाळी दार ढकलून आत येतो, हे कशानं? माहेर पहिल्या जातीचं, सासर दुसऱ्या. मधे अहमदपूर, लोहा करत जाणारी एसटी. आपण 'ज्याचा त्याचा स्वभाव' म्हणून विषय मिटवतो. मला ते पटत नाही. स्वभावालाही धंदा असतो, पाणी असतं, राज्य असतं.

लातूरपासून सुरू करते, कारण लातूर आखलेलं आहे. गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: मधोमध गोलाकार दुमजली इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ, आणि तिच्यापासून चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. निजामाच्या राज्यात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा केला. रस्त्यांना आपापला माल वाटून दिल्यासारखा: कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. लहानपणी मी डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची की आपण कोणत्या रस्त्यावर आहोत. मिरचीच्या रस्त्यावर डोळे मिटायला सांगावंच लागत नसे. गोलाईत माणूस हरवत नाही. हरवलाच तर चालत राहतो आणि पुन्हा देवीपुढं येतो. अशा गावात वाढलेल्या माणसाला 'बघू, कुठं पाय नेतील तिकडं' हे वाक्य कळतच नाही, कारण पाय कुठंही नेले तरी ते मोजलेल्याच ठिकाणी नेतात.

दुसरी आखणी आगगाडीची. बार्शी लाईट रेल्वे लातूरला १९११ साली पोचली. अडीच फुटी रूळ, खेळण्यातल्यासारखे डबे. ही लाईन ज्यानं उभी केली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर. रुळावर किती भार पडावा, डबा किती लांब असावा, सगळं त्यानं आधी कागदावर बसवलेलं. याच माणसानं पुढं विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं आणि पहिल्यांदा अण्णा आठवले. आखून जगणारा माणूस पडण्याचीसुद्धा तजवीज करून ठेवतो.

गाडी आल्यावर गंजाला वेळ आली. तोवर बैलगाडी पोचेल तेव्हा पोचायची. आता मालाचा डबा अमुक दिवशी लागणार, त्याआधी तोलाई झाली पाहिजे, पोती शिवून झाली पाहिजेत, हमाल हजर पाहिजेत. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी झाली पाहिजे, कारण तो रात्रीचा मुक्काम टाळतो. हे सगळं ज्याच्या डोक्यात असायचं तो मुनीम.

त्यात राज्य निजामाचं. अण्णा पहिल्या वर्षाच्या गोष्टी सांगत तेव्हा आम्हा भावंडांना ते कोडं घालताहेत असं वाटे. आडतीची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलायची, म्हणजे तिची मिती वेगळी. कचेरीतला कागद फसली सनाचा. त्याचे महिने आजूर, दै, बहमन. रेल्वेच्या पावतीवर इंग्रजी तारीख. पैसाही दुहेरी: राज्यात हाली सिक्का, राज्याबाहेर कलदार. सात हालीला सहा कलदार हा ढोबळ हिशेब, आणि ढोबळ हिशेबावर मुनिमाची नोकरी टिकत नाही. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. एका दिवसाला तीन तारखा आणि रुपयाला दोन किमती असलेल्या गादीवर जो पोरवयात बसला, त्यानं पुढं जन्मभर पाव्हण्याला तारीख विचारली तर नवल काय?

अण्णांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. ते कधीही 'नियोजन' म्हणाले नाहीत. तो शब्द आमच्याकडं पुढं सरकारी फलकांवरून आला. त्यांचे शब्द तजवीज, तरतूद, बंदोबस्त, इंतजाम. मी वर्गात पोरांना विचारायची, आपल्याकडं आधीपासून ठरवण्याचे सगळे शब्द फारसी-अरबी दफ्तरातून आलेले आणि 'लहर' तेवढी आपली संस्कृतातली, हे कसं? पोरं हसायची. मागच्या बाकावरचा एकजण एकदा म्हणाला, "बाई, ठरवायचे ते राजे आन् लहरी आपण." त्याला मी त्या दिवशी उगाच रागावले.

नांदेडला आले तेव्हा पहिला धक्का भाषेनं दिला. आमच्याकडं 'जाऊलालाव', इथं 'जायलो'. दुसरा धक्का नदीचा. लातूरला नदी नाही. मांजरा आहे, पण ती गावापासून दूर आपल्या वाटेनं जाते. नांदेडला गोदावरी अंगणातून गेल्यासारखी. संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं, "चला की घाटावर," आणि पदर सारखा करत सगळं घर बाहेर. कुलूप लावायचं की शेजारी सांगून जायचं, परत कधी यायचं, रात्रीच्या भाकरी कुणी करायच्या, याचा विचार फक्त माझ्याच डोक्यात. मी पायऱ्यांवर बसून नदीऐवजी घड्याळाकडं बघायची.

मामंजी उस्मानशाही मिलमध्ये होते. सूतगिरणीचा माणूस भोंग्याचा बांधील. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. मधल्या आठ तासांत पाणी प्यायलासुद्धा मर्जीनं उठता येत नसे. मला आधी वाटायचं, यांचा स्वभावच मोकळा. काही वर्षांनी कळलं की दुसऱ्या भोंग्यानंतर ते मुद्दामच काही ठरवायचे नाहीत. दिवसाचं ठरवणं त्यांच्या वाट्याचं मिलमध्येच संपलेलं असायचं. एकदा माळेगावच्या यात्रेला 'नुसतं बघून येतो' म्हणून गेले आणि घोडं घेऊन आले. खंडोबाची ती यात्रा म्हणजे जनावरांचा बाजार, त्यामुळं घोडं मिळणं नवलाचं नव्हतं. नवल हे की आमच्या गल्लीत सायकल उभी करायलाही जागा नव्हती. सतरा दिवस ते घोडं दारात होतं. अण्णांना कळल्यावर त्यांचं कार्ड आलं: अभिनंदन, आणि खाली घोड्याच्या महिन्याच्या चाऱ्याचा, नालांचा आणि खराऱ्याचा अंदाज. मामंजींनी ते कार्ड मिलमध्ये नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं.

अशा माणसानं पाव्हण्यांना तारीख विचारायचा प्रश्नच नव्हता. माझ्या लग्नाला महिना झाला नसेल. रात्रीचे नऊ. जेवणं आटोपून मी परात घासून पालथी घातलेली. मामंजी दारातूनच ओरडले, "सूनबाई, सात जण आहेत!" परभणीकडचे कुणी, स्टेशनवर भेटले, गाडी चुकलेली. माझ्या पोटात गोळा आला. लातूरच्या घरी असं झालं असतं तर आधी घर गप्प झालं असतं, मग आई शेजारी पीठ मागायला गेली असती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र शांतपणे स्टुलावर चढल्या आणि फळीवरून एक डबा खाली काढला.

त्या डब्यात येसर होतं. मराठवाड्याबाहेरच्यांना हा शब्द ठाऊक नसतो, म्हणून सांगते. चैत्रात, उन्हं कडक झाली की आत्याबाई गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ वेगवेगळे भाजायच्या. वेगवेगळे, कारण प्रत्येकाची भाजायची घाई निराळी. गहू तडतडतो, डाळ नुसती रंग बदलते आणि वास सोडते. मग धने, जिरं, मिरे, दगडफूल, सुकं खोबरं. सगळं थंड झाल्यावर दळायचं, आणि दळलेलं दाबून डब्यात भरायचं, हवा राहता कामा नये. आमच्याकडं लग्न निघालं की आधी येसर दळतात, कारण मांडवात किती पंगती उठतील हे कुणाच्याच हातात नसतं. त्या रात्री आत्याबाईंनी दोन वाट्या येसर गार पाण्यात कालवलं. गरम पाण्यात टाकलं तर गाठी होतात, हे मला तेव्हाच सांगितलं. तेलात लसूण ठेचून टाकला, तिखट टाकलं, वर आधण ओतलं. पाचव्या मिनिटाला आमटीनं कढ धरला. तोवर मी भाकरीचं पीठ मळत होते. पावणेदहाला सात जण जेवायला बसले आणि त्यातला एकजण म्हणाला, "वा! आमची वाटच बघत होता जणू."

आत्याबाई पदराआड हसल्या. आठ महिन्यांपूर्वी, उन्हाळ्यात, खरंच त्यांची वाट बघणं झालं होतं.

मामंजींना आख्खी गल्ली दिलदार म्हणायची आणि ते होतेही. पण त्या दिलदारपणाचा डबा फळीवर कुणी भरून ठेवला, हे गल्लीला कधी दिसलं नाही. सांडगे, कुरडया, पापड, लोणची, येसर: आमच्याकडच्या ऐनवेळच्या पाहुणचाराला बायकांचा एक पूर्ण उन्हाळा लागतो. वाटेत भेटलेल्याला 'चला घरी जेवायला' म्हणणारा पुरुष लहरी, आणि फळीवर डबा ठेवणारी बाई हिशेबी, अशी वाटणी कुणीतरी करून टाकली. मला ती अजून मान्य नाही. अण्णांच्या खतावणीला मान होता, गादी होती, लाल कापडाची बांधणी होती. आत्याबाईंची खतावणी त्या डब्यातच होती आणि ती रिकामी झाली की कुणी वाचायचंही नाही.

अण्णा नांदेडला पहिल्यांदा १९८३ साली आले. कार्ड आधी आलं होतंच. मी त्यांना नगीना घाटाजवळच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्यात नेलं. सचखंड हुजूर साहिबचं दर्शन आधी झालं होतं. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला ते तख्त, आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळातलं बांधकाम, हे त्यांनी शांतपणे पाहिलं होतं. लंगरमध्ये मात्र ते अस्वस्थ झाले. दिवसरात्र चालणारा लंगर. कुणी यावं, पंगतीत बसावं, उठावं. नाव नाही, तारीख नाही, परत कधी नाही. या लंगराची सांगतात ती गोष्ट मी त्यांना सांगितली. बाबा निधानसिंग पंजाबातून आले, इथं सेवा करत राहिले. एकदा खचून परत जायला निघाले आणि स्टेशनावर येऊन बसले. तिथं त्यांना गुरूंचा दृष्टान्त झाला: परत जाऊ नकोस, लंगर चालव, हात तुझा, खिसा माझा.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग एका सेवेकऱ्याला गाठून उर्दूत विचारलं, रोज किती माणूस जेवतं? तो म्हणाला, जितके येतील तितके. अण्णांना हे उत्तर झेपलं नाही. ते वाट काढत मागच्या बाजूला गेले. मी लाजून पंगतीतच बसून राहिले. दहा मिनिटांनी आले तेव्हा चेहरा उजळलेला. पिठाची पोती थप्पीनं लावलेली, प्रत्येक थप्पीवर खडूची खूण, डाळ निवडणाऱ्यांची एक रांग, लाटणाऱ्यांची दुसरी, भांडी विसळणाऱ्यांची तिसरी. माझ्या शेजारी बसत ते हळूच म्हणाले, "आत मुनीम हाय गं."

त्यानंतर त्यांनी दोनदा डाळ मागून घेतली.

नांदेडच्या शिखांचा हल्लाबोल पाहिला की मला अण्णांचं ते वाक्य आठवतं. होळीला, दसऱ्याला मिरवणूक निघते, निशाण पुढं असतं, घोडे असतात. एका जागी सगळं थांबतं, अरदास होते आणि क्षणात शेकडो माणसं तलवारी उगारून पळत सुटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिनसलं. पण कुठं थांबायचं, कुठून धावायचं, हे दर वर्षी ठरलेलं. उधळायचंसुद्धा आखून.

आता लातूर म्हटलं की लोकांना गोलाई आठवत नाही, 'पॅटर्न' आठवतो. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं, जनार्दन वाघमारे त्याचे प्राचार्य. तिथून आणि दयानंदसारख्या कॉलेजांतून पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. मुळात त्यात गूढ काही नव्हतं. अभ्यासक्रम लवकर संपवा, मग परीक्षेमागून परीक्षा घ्या, चुकलेलं पुन्हा सोडवून घ्या. मला तर त्यात गंजातली शिस्त दिसते: माल वेळेत उतरवा, तोला, पट्टी करा, थकबाकी उद्यावर नको. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू वाघमारे सरच झाले. आमच्या शिक्षकखोलीत तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता नांदेडलाही घड्याळ लागणार." लागलंही. आज दोन्ही गावांत पहाटे पाच वाजता पाठीला दप्तर अडकवलेली पोरं रस्त्यावर दिसतात. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरचं वेळापत्रक मी पाहिलंय. त्यात 'जेवण: २० मिनिटे' असं लिहिलेलं असतं. अण्णांनीही असं कधी लिहिलं नव्हतं.

आणि आखणीचं सगळ्यात कडू पान किल्लारीच्या भूकंपाचं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, पिढ्यान्पिढ्या निर्धास्त. त्या पहाटे तीच माती अंगावर आली. हजारो माणसं गेली. त्यांत माझ्या मावशीचा मोठा दीर आणि त्याची दोन नातवंडं होती. यापलीकडं मी त्याबद्दल लिहिणार नाही.

मला लिहायचंय ते नंतरचं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत चारशे, त्याहून जास्त असेल तर साडेसातशे. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, घराघरांत मोकळं अंतर. भूकंपाच्या दृष्टीनं अगदी रास्त, याबद्दल वाद नाही. मावशीला चारशेचं घर मिळालं. मी १९९७ च्या दिवाळीत गेले तेव्हा ती दारात खुर्ची टाकून एकटीच बसलेली. घर पक्कं, भिंती सरळ, ओट्यावर पाण्याची टाकी. मी म्हटलं, छान आहे की. ती म्हणाली, "छानच हाय. पर हितं कुणाकडं जायचं म्हंजे निघावं लागतंय. तिकडं नुस्तं बसलं तरी माणूस यायचं."

नगररचनेवर मी पुढं बरंच वाचलं. यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलं नाही. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत, दारासमोर दार. विस्तव मागायला, पोर सांभाळायला, नुसतं तोंड दाखवायला माणूस दिवसातून दहादा उंबऱ्यावर. त्या येण्याला कारण लागत नसे, म्हणून ते ठरवावंही लागत नसे. नव्या गावात प्रत्येक भेटीला निघणं आलं, आणि निघायचं म्हटलं की कारण आलं, वेळ आली. काही वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा लोकांनी आपल्यापरीनं उत्तर काढलेलं. घरापुढं पत्र्याचं शेड, शेडखाली चूल, चुलीपुढं दगड, आणि ते शेड पुढं-पुढं सरकत शेजारच्या शेडला भिडत चाललेलं. आखलेल्या रुंद रस्त्याची अशी हळूहळू गल्ली होत होती. कुणी ठरवून केलं नसणार. मावशीच्या खुर्चीशेजारी त्या खेपेला आणखी दोन खुर्च्या होत्या.

अण्णा २००४ साली गेले. पुढचं एक त्यांनी पाहायला हवं होतं असं मला वाटतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला पाणी आगगाडीनं आणावं लागलं. पहिली जलदूत १२ एप्रिलला आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. मिरजेहून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेनं. म्हणजे कॅलथ्रॉपची जुनी लाईन, आता रुंद झालेली. ज्या वाटेनं अण्णांच्या पोत्यांचा हिशेब चालायचा त्याच वाटेनं पाणी उलटं आलं. त्या महिन्यात माझ्या भावाचा फोन आला: "ताई, ये, पण टँकर येऊन गेल्यावर ये. सोमवारी ये. मंगळवारी सकाळी निघ." मी हसले. त्यालाही हसू आलं. कार्डाऐवजी फोन, बाकी वाक्य तेच.

पण हेच लातूर वर्षातला एक दिवस साफ बदलतं. त्या दिवसाला आम्ही येळवस म्हणतो. कागदावर वेळा अमावास्या, म्हणजे मार्गशीर्षातली. सीमेपलीकडं कर्नाटकात येळ्ळ अमावास्या म्हणतात, तिकडूनच शब्द आला. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात. गोलाईच्या सोळाही रस्त्यांवर शटर खाली. सगळं लातूर रानात. शेतात कडब्याची खोप करतात, आत पांडव मांडून पूजा, आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन पिकात शिंपत फिरायचं, अर्धी कन्नड अर्धी मराठी आरोळी द्यायची. आणि जेवण: भज्जी, उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या भाकरी, आंबील. भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, वाल, मेथी, पात, गाजर, बोरं, रानात जे असेल ते, चिंचेच्या कोळात आणि डाळीच्या पिठात शिजवलेलं. दोन दिवस आधी निवडणं सुरू होतं. आंबील आदल्या दिवशीच आंबायला घालावी लागते.

आणि त्या दिवशी कुणीही यावं, हा नियम. ज्याला शेत नाही त्यानं कुणाच्याही शेतात जावं. रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस हात धरून बसवायचा. पाव्हण्याला तारीख विचारणारे आमचे अण्णा येळवशीला धुऱ्यावर उभे राहून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारायचे. एका वर्षी एसटीच थांबवली. ड्रायव्हर-कंडक्टर उतरून जेवले, प्रवाशांना खिडकीतून आंबील दिली. आई भज्जीच्या पातेल्याकडं बघत होती. पातेलं दर वर्षी चाळीस माणसांचं असायचं आणि घरची आम्ही अकरा.

परवाच्या येळवशीला मी भावाच्या शेतात होते. दुपार कलली होती. बांधाच्या रस्त्यावरून एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा सायकल हातात धरून चाललेला, पाठीला दप्तर. भावानं हाक मारली. पोरगा बिचकला. हिंगोलीकडचा होता, लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेला, पहिलंच वर्ष. सकाळी मेस बंद. हॉटेल बंद. बिस्किटाचा पुडाही मिळेना, सगळं गाव कुठं गेलं म्हणून शोधत निघाला होता. चार वाजता टेस्ट आहे का बघतो म्हणत त्यानं मोबाईल काढला आणि मग आठवलं, क्लासही बंद.

खोपीच्या सावलीत बसून तो जेवला. पहिल्या घासाला चपापला, बोर दाताखाली आलं म्हणून. मग मान वर केली नाही. उठताना घुटमळला आणि वहिनीला म्हणाला, "काकू, खोलीवर आणखी पोरं आहेत. उपाशीच आहेत."

"किती जण?"

"तीन."

वहिनीनं रिकामं बिंदगं आंबिलीनं भरलं, स्टीलच्या डब्यात भज्जी दाबली, भाकरी मोजायला घेतल्या आणि सातव्या भाकरीनंतर मोजायचं सोडून उरलेली चवड तशीच फडक्यात बांधली. "भांडी परत कधी आणून देऊ?" पोरानं विचारलं. भाऊ काहीतरी सांगणार होता. वहिनी म्हणाली, "यील तवा ये."